निनवे: योनाचे आणि नहूमाचे

इस्राएलाचा शत्रू असलेल्या अश्शूर साम्राज्यातल्या एकाच निनवे नगरीबद्दल बायबलमध्ये योना आणि नहूम हे दोन संदेष्टे बोलतात, आणि दोघांचा सूर पार वेगळा आहे.

योना निनवेच्या नाशाला ४० दिवसांची मुदत सांगतो. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, गुराढोरांनाही उपास घडतो आणि देव अरिष्ट आणत नाही. योना याच गोष्टीवर चिडतो. तेव्हा देव विचारतो: उजव्याडाव्या हाताचा भेद न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरे इथे आहेत, मी त्यांची पर्वा करू नये का? शत्रूच्या जनावरांचीही आठवण ठेवणारी ही दया मला थक्क करते.

नहूमाकडे मुदत नाही. ‘रक्तपाती नगरी’चा शेवट ठरला आहे. इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेली आणि मेदी सैन्याने निनवे पाडलेही.

तरी दोघेही देवाला मंदक्रोध, म्हणजे लवकर न रागावणाराच म्हणतात. योना ते तक्रार म्हणून सांगतो; नहूम लगेच जोडतो की परमेश्वर दोषीला मोकळे सोडत नाही. अनेकांना नहूम क्रूर वाटतो. मला तसे वाटत नाही. अश्शूरने ज्यांची गावे जाळली, ज्यांना देशोधडीला लावले, त्यांना योनापेक्षा नहूमच जवळचा वाटला असणार.