परक्या देशात स्टेशन चालवायला आयकॉम आयसी-७०५ कितपत कामाचा?

आयकॉमचा आयसी-७०५ हा हॅम रेडिओचा, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचा, छोटा ट्रान्समीटर-रिसीव्हर (रिग). त्याची तारीफ सहसा पडद्यापासून सुरू होते. ४.३ इंची टचस्क्रीन आणि त्यावर उतरत जाणारा वॉटरफॉल (आसपासच्या सिग्नलांचं सरकतं चित्र) दिसतातही सुरेख. पण दुसऱ्या देशात चार-आठ दिवस मुक्काम करून तिथून हवेत यायचं (ट्रान्समिट करायचं) असेल, तर या रिगचं खरं मोल मेनूच्या पोटात असलेल्या दोन-तीन सेटिंगांत आहे. अडचण एकाच मोठ्या गोष्टीची आहे: आत अँटेना ट्यूनर, म्हणजे अँटेना रिगशी जुळवून देणारं सर्किट, नाही.

बॅटरी आणि छोटी अँटेना धरून वजन साधारण १.१ किलो, रुंदी २० सेंटिमीटर. १६० मीटरपासून ७० सेंटिमीटरपर्यंतचे बँड, सगळे मोड (सिग्नल पाठवण्याच्या पद्धती) आणि डी-स्टार ही डिजिटल आवाजाची पद्धत. सोबत येणाऱ्या बीपी-२७२ बॅटरीवर ५ वॅट मिळतात, बाहेरून १३.८ व्होल्ट दिले की १०. हा फरक ३ डेसिबलचा, म्हणजे अर्ध्या एस-युनिटचा (एस-युनिट हे सिग्नलची ताकद मोजायचं माप). घरच्या १०० वॅटच्या तुलनेत १० वॅट १० डेसिबलने, पावणेदोन एस-युनिटच्या आत मागे राहतात. सीडब्ल्यू (मोर्स) आणि एफटी८वर (संगणकाने चालणारा डिजिटल मोड) ते सहज निभावतं. एसएसबीवर (बोलण्याचा मोड) मात्र अँटेना चांगली हवीच.

आता त्या सेटिंगांकडे. परक्या देशात सर्वांत सहज होणारी चूक म्हणजे आपल्या सवयीच्या पण तिथे हॅमना न दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर ट्रान्समिट करणं. ४० मीटरचा बँड अमेरिका खंडात, म्हणजे रीजन २मध्ये, ७.३०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो. रीजन १ (युरोप, आफ्रिका) आणि ३मध्ये (आशियाचा बराचसा भाग, ऑस्ट्रेलिया) तो ७.२००वर संपतो आणि पुढे प्रसारण केंद्रं बसलेली असतात. ८० मीटर रीजन १मध्ये ३.८००पर्यंत, रीजन ३मध्ये ३.९००पर्यंत, रीजन २मध्ये ४.०००पर्यंत. दोन मीटर रीजन १मध्ये १४४ ते १४६, इतरत्र १४८पर्यंत. ही फक्त वरची चौकट झाली, प्रत्येक देश तिच्या आत आणखी काटछाट करतो. ७०५च्या 'सेट'मधल्या 'फंक्शन'मध्ये 'बँड एज बीप' आहे. त्यात 'युजर अँड टीएक्स लिमिट' हा पर्याय निवडून यजमान देशाच्या हद्दी स्वतः भरता येतात, मग त्या हद्दीबाहेर पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलं तरी रिग ट्रान्समिट करत नाही. हे काम निघण्यापूर्वी घरी बसून करावं. पडद्यावर दिसते ती कॅरियरची (मूळ लहरीची) फ्रिक्वेन्सी आणि आवाज तिच्या एका बाजूला पसरतो, म्हणून यूएसबीसाठी (एसएसबीची वरची बाजू, केबलची यूएसबी नव्हे) वरची हद्द ३ किलोहर्ट्झ आत ठेवावी: २० मीटरवर १४.३५०ऐवजी १४.३४७. एलएसबीला (खालची बाजू) हीच काळजी खालच्या टोकाला.

या सोयीने रिगची मूळ मर्यादा मात्र रुंदावत नाही. युरोपसाठी बनवलेला सेट दोन मीटरवर १४६च्या वर ट्रान्समिट करत नाही, त्यामुळे अमेरिकेतले बरेचसे रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारी केंद्रं) त्याच्या हाताबाहेर राहतात. उलट अमेरिकी सेट युरोपात नेला तर हद्दी भरल्याशिवाय त्याला हात लावू नये. रिपीटरचे ऑफसेटही (ऐकण्याच्या आणि पाठवण्याच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर) बदलतात: ७० सेंटिमीटरवर अमेरिकेत ५ मेगाहर्ट्झ, जर्मनीत सहसा ७.६, ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी १.६. युरोपात चॅनेलमधलं अंतर १२.५ किलोहर्ट्झ असतं, तिथे अरुंद एफएम लावावा. जीपीएसवरून जवळचे रिपीटर शोधून देण्याची सोय उत्तम आहे, पण मेमरी कार्डावरची यादी ताजी असेल तरच.

परवान्याचं काम कोणतीही रिग करून देत नाही. सीईपीटी या युरोपीय टपाल-दूरसंचार संघटनेच्या टी/आर ६१-०१ शिफारशीत सामील असलेल्या देशांचे परवानाधारक एकमेकांकडे तीन महिन्यांपर्यंत वेगळा अर्ज न करता स्टेशन चालवू शकतात. परवान्यावर तसा मजकूर जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये असावा लागतो, आणि मूळ परवाना जवळ बाळगावा लागतो. काही गैरयुरोपीय देशही या व्यवस्थेत आहेत. अमेरिकी नागरिकांपैकी पूर्ण सवलत ॲडव्हान्स्ड आणि एक्स्ट्रा वर्गाला मिळते. अमेरिका खंडातल्या काही देशांत आयएआरपी हा आंतरराष्ट्रीय हौशी परवाना चालतो. बाकी ठिकाणी दोन देशांतला परस्पर करार शोधून आधीच अर्ज करावा लागतो, आणि त्याला आठवडे लागू शकतात. तिकीट काढण्याआधीच हे पाहून घ्यावं.

टी/आर ६१-०१खाली यजमान देशाचा प्रीफिक्स (देश ओळखायची अक्षरं) आपल्या कॉलसाइनच्या (स्टेशनच्या ओळखनावाच्या) आधी, मध्ये तिरकी रेघ: फ्रान्समध्ये 'एफ', जर्मनीत 'डीएल', स्वित्झर्लंडमध्ये 'एचबी९'. कॉर्सिका फ्रान्सचाच भाग, पण तिथे 'टीके'. हा लांब कॉलसाइन सीक्यूसह (सर्वांना घातलेली हाक) कीअरच्या (मोर्स पाठवणाऱ्या सोयीच्या) आणि व्हॉइसच्या मेमरीत भरून ठेवला की पहिल्या दिवशी जीभ आणि बोटं अडखळत नाहीत. एफटी८वर असा जोडकॉलसाइन तिरकी रेघ धरून ११ अक्षरांत बसायला हवा, आणि त्याच्या सीक्यूमध्ये ग्रिड (ठिकाणाचा संकेत) जात नाही. उत्तरं कमी आली तर लगेच अँटेनाला दोष देऊ नये.

एफटी८साठी दुसरी मोठी सोय घड्याळाची. १५ सेकंदांच्या खिडकीत संगणकाचं घड्याळ एक-दोन सेकंदांनी सरकलं तरी डिकोड होणं (सिग्नल उलगडणं) बंद पडू लागतं, आणि डोंगरावर इंटरनेट नसतं. ७०५ एका यूएसबी केबलवरून संगणकाला दोन सीरियल पोर्ट देतो. 'यूएसबी (बी)'ला जीपीएसचं काम दिलं की संगणक त्यावरून वेळ घेऊ शकतो. आवाज, कंट्रोल आणि वेळ असं सगळं एकाच केबलवर. मात्र ती केबल मायक्रो-यूएसबीची आहे. ते सॉकेट नाजूक असतं, म्हणून केबलचा वळसा रिगच्या अंगाला बांधून ठेवावा.

रिगला पंखा नाही. १० वॅटवर सलग एफटी८ चालवलं की अंग चांगलंच तापतं. उन्हात ५ वॅटवर उतरावं आणि तापमानाचा मीटर डोळ्यांसमोर ठेवावा.

पॉवरचं गणित विमानाला धरून करावं. हातातल्या सामानात १०० वॅट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी सहसा विनापरवानगी चालते. सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायच्या नसतात, आणि टर्मिनलवर टेप लावायची. चार सेलची १२.८ व्होल्टची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी ६ अँपिअर-अवरची घेतली तर ७६.८ वॅट-अवर होतात. ८ची घेतली की १०२.४, आणि एअरलाइनची आगाऊ परवानगी लागते. रिगला ११.७ ते १५.८७ व्होल्ट चालतात. तीन सेलचा लिथियम-आयन पॅक भरलेला असताना १२.६ देतो, पण वापरात लवकरच ११.७च्या खाली येतो. पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) पॉवर बँकमधून १५ व्होल्टचा ट्रिगर (तेवढे व्होल्ट मागणारा जोड) घेता येतो, बँक १५ व्होल्टला ३ अँपिअर देणारी हवी. चुकून २० व्होल्टचा ट्रिगर लागला तर रिग जाऊ शकते, तेव्हा जोडण्याआधी मीटरने मोजा. पॉवर बँकेच्या आतल्या कन्व्हर्टरचा गोंगाट रिसीव्हरमध्ये येतो, तो केबलवर फेराइट क्लिप लावली की कमी होतो.

आता ट्यूनर. एएच-७०५ वेगळा घ्यावा लागतो. तो दोन एए सेलवर चालतो आणि रिगशी छान जुळतो, पण सामान वाढतंच. ट्यूनरला तार जोडताना तिची लांबी कुठल्याही वापरातल्या बँडच्या अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत नको. इम्पिडन्स (तारेचा विरोध) फार चढतो आणि मॅच मिळत नाही. स्वस्त आणि हलका मार्ग म्हणजे बँडला कापलेली तार. २० मीटर बँडच्या डायपोलचे (मधोमध जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाचे) दोन हात साधारण ५.०३ मीटरचे, थोडे लांब कापून जागेवर छाटायचे. साधारण २० मीटर तार आणि ४९:१ ट्रान्सफॉर्मरची एंड-फेड (टोकाला जोडलेली अँटेना) ४०, २०, १५ आणि १० मीटरवर चालते, फक्त फीडरवर (अँटेनाच्या केबलवर) चोक घालावा. आरजी-१७४ची (बारीक कोॲक्स) १० मीटर केबल १४ मेगाहर्ट्झवर एक-सव्वा डेसिबल खाते. १० वॅटमधून तेवढं गेलेलं जाणवतं, म्हणून केबल आखूड ठेवा. रिगच्या बीएनसीला (अँटेनाच्या सॉकेटला) जाड केबल थेट लटकवू नये.

संध्याकाळी ४० मीटरवर प्रसारण केंद्रांच्या भाराने 'ओव्हीएफ' (रिसीव्हरवर भार जास्त झाल्याची खूण) पेटला तर आधी आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनक्षमता) उतरवा.

ट्यूनर किंवा कापलेल्या तारा सोबत न्यायची तयारी असेल, तर परदेशी मुक्कामासाठी ही रिग निःशंक घ्यावी. फक्त एसएसबीवर गप्पा मारायच्या असतील, तर १० वॅटवर लवकरच हिरमोड होईल. अशांनी १०० वॅटची मोबाइल रिग न्यावी आणि पॉवर सप्लायचं वजन सोसावं.