'माय बॅड' की 'आय ॲम सॉरी'?

'माय बॅड' म्हणजे 'चूक माझीच'. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मैदानांवर हा प्रयोग रूढ झाला. पास चुकला, की खेळाडू एवढंच म्हणून पुढच्या चालीला लागे. वापर आजही तेवढाच हलका: चुकीची फाइल जोडली, कुणाचा पेन चुकून उचलला. यात कबुली असते, हळहळ फारशी नसते. म्हणून नुकसान मोठं असेल तर तो उद्धटपणा वाटतो. वरिष्ठांना लिहिताना तर टाळाच.

'सॉरी'चं उलट. त्यात हळहळ असते, दोष स्वतःचा असेलच असं नाही. कुणाचे वडील गेले तर 'आय ॲम सॉरी' म्हणतात. तिथे 'माय बॅड' म्हटलंत, तर मृत्यूची जबाबदारीच घेतलीत!