वडसा रोडवरचं डुकराचं मटण: चिच-गुळाच्या रश्श्यासाठी हेच घ्या

ब्रह्मपुरीहून वडसा रोडला लागलं की डाव्या हाताला एक टिनाचं शेड दिसते. बोर्ड नाही, आणि उघडते फक्त रविवारी. पोटाचा भाग चामडी-चरबीसकट, सांगाल तेवढे मोठे तुकडे करून देणारं दुसरं दुकान मला तरी आमच्या बाजूला सापडलं नाही. बाकीचे चरबी काढून टाकतात आणि सुपारीएवढे तुकडे हातात देतात. आंबटगोड रश्श्याला तर ती चरबीच पाहिजे. चिच आणि गूळ दोन्ही जोरदार, कोरड्या मांसाला दाबून टाकतात. चरबी सुटलेली असली की चव गोल लागते.

दुसरी गोष्ट, "भाऊ, जनावर कुठलं?" विचारलं तर दुकानदार आढेवेढे न घेता सांगतात: बंदिस्त पाळलेलं, पांढरं यॉर्कशायर जातीचं. हे विचाराच. उघड्यावर घाण खात फिरणाऱ्या डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या (पोटातल्या चपट्या जंताच्या) अळ्या असू शकतात. पाळलेलं असलं तरी पूर्ण शिजवा, मधे कच्चं ठेवू नका.

मी किलोभर मटण स्टीलच्या गंजात (पातेल्यात), तेल न टाकता, थोड्या पाण्यावर ठेवतो. पाणी आटलं की आपल्याच चरबीत ते लाल होते. मग कांदा, आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ, गरम पाणी, झाकण आणि मंद आचेवर तासभर. बोटाने दाबून तुटायला लागलं की लिंबाएवढ्या चिचेचा कोळ, आणि गूळ सगळ्यात मागून. आधी टाकला तर बुडाशी करपते. थंडीत संत्री असली तर एकाचा रस गॅस बंद केल्यावर पिळतो. उकळला की कडू होतो. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. सोबत भात, पोळी नको.

चिनी कँटनी पद्धतीचं आंबटगोड करायचं असेल तर पोटाचा भाग नको, खांद्याचं मागा. त्यात तुकडे पिठात घोळवून तळतात आणि व्हिनेगर-साखरेच्या सॉसमध्ये शेवटी फक्त परततात. त्याचे लहान तुकडेही दुकानदार नीट सारखे कापून देतात, हाडाचा चुरा येत नाही.

तक्रारी आहेत. फ्रीजर नाही, ओल्या कापडाखाली मटण ठेवतात. मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सकाळी आठच्या आतच जा, नंतर घेऊ नका. काळ्या पन्नीत बांधून देतात, म्हणून घरून डबा न्या. पोटाचा भाग लवकर संपते. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर बाजूला काढून ठेवतात, आणि त्याचे जास्त पैसे घेत नाहीत.