स्ट्रोबचा रंग निवडताना: लाल, पांढरा, पिवळा, हिरवा की निळा?

जत्रेच्या दारूकामाचं (आतषबाजीचं) कोटेशन आलं की त्यात ‘रेड स्ट्रोब’, ‘ग्रीन स्ट्रोब’, ‘ब्लू स्ट्रोब’ (स्ट्रोब म्हणजे आकाशात लुकलुकत जळणारे तारे) अशा ओळी दिसतात आणि समितीतल्या मंडळींचा वाद रंगावरून सुरू होतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. एकच रंग घ्यायचा असेल तर लाल घ्या. लोक लांबून बघणार असतील तर पांढरा किंवा पिवळा. निळ्यासाठी जादा पैसे मोजू नका. हिरव्याचा प्रश्न आवडीनिवडीचा नाहीच, तो कायद्याचा आहे.

आधी एक गल्लत दूर करू. तडतड आवाज करत फुटणारे तारे म्हणजे क्रॅकलिंग, ते वेगळं प्रकरण. स्ट्रोबचा तारा आवाजासाठी नसतो. तो लखकन चमकतो, विझल्यासारखा होतो, पुन्हा चमकतो. सेकंदाला काही वेळा, आणि प्रत्येक तारा आपल्याच तालात. म्हणून आकाशात शंभर तारे सोडले तरी ते एका सुरात लुकलुकत नाहीत, आणि खरी मजा त्यातच आहे.

हे होतं कसं? चमक आणि अंधार या दोन वेगळ्या अभिक्रिया आहेत. अंधाराच्या काळात ताऱ्याचा पृष्ठभाग धुमसत असतो. तिथल्या अर्धवट वितळलेल्या थरात उष्णता साचत जाते. ती एका मर्यादेपलीकडे गेली की मॅग्नेशियम किंवा मॅग्नेलियम (मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) पेट घेतं आणि झोत उठतो. त्या झोतात वरचा थर उडून जातो, खालचा थंड थर उघडा पडतो आणि पुन्हा धुमसणं सुरू. जर्मनीत क्रोने आणि वासमान, जपानमध्ये ताकेओ शिमिझू यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या लुकलुकण्याची कोडी सोडवायचा प्रयत्न केला. 2013 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्यावर सविस्तर आढावा लिहिला. सगळे तपशील अजूनही मिटलेले नाहीत.

रंगाची अडचण इथेच आहे. डोळ्यांना झोत हवा म्हणून धातू जाळायचा, पण धातू जळला की तापून पांढरा झालेला मॅग्नेशियम ऑक्साइड रंगावर पाणी ओततो. रंग देणारे रेणू मात्र नाजूक असतात. लालसाठी स्ट्रॉन्शियम क्लोराइडचा, हिरव्यासाठी बेरियम क्लोराइडचा आणि निळ्यासाठी कॉपर क्लोराइडचा क्षणभर जगणारा रेणू ज्वाळेत तयार व्हावा लागतो, म्हणजे ज्वाळेत क्लोरीन हवा. स्ट्रोबच्या मसाल्यात जळायला ऑक्सिजन पुरवणारा क्षार असतो, परक्लोरेट किंवा नायट्रेट. अमोनियम परक्लोरेटवर आधारलेल्या स्ट्रोबमध्ये क्लोरीन आपोआप मिळतो, म्हणून त्यांचा रंग गडद. नायट्रेटवाले स्ट्रोब जास्त भगभगीत आणि जोरकस, पण रंग फिका. ठेकेदाराला हा एक प्रश्न विचाराच: माल परक्लोरेटचा की नायट्रेटचा? उत्तर आलं नाही, तरी त्यातून त्याला मालाची किती माहिती आहे ते कळतंच.

आता रंगांकडे. लाल सगळ्यात विश्वासू. स्ट्रॉन्शियमचा प्रकाश साधारण 620 ते 680 नॅनोमीटर तरंगलांबीत पडतो आणि जास्त तापमानातही लाल लालच राहतो. बिघडला तर गुलाबी किंवा नारिंगीकडे झुकतो, कुरूप दिसत नाही. उणीव एकच. अंधारात सरावलेला डोळा लाल रंगाला मंद पडतो, त्यामुळे देवळाच्या तळीपलीकडून झकास दिसणारा लाल डोंगरावरच्या वाड्यावरून मिणमिणता वाटतो.

पिवळ्याला क्लोरीन लागत नाही. सोडियमचे सुटे अणूच 589 नॅनोमीटरला झळकतात, रंग टिकतो, चमक भरपूर. पण खरं सांगायचं तर जुन्या रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांचा रंग तोच, आणि तो डोक्यात आला की सोनेरीपणा उतरतो. पांढरा म्हणजे धातूचा शुद्ध झोत; नदीपलीकडून, समुद्रावरून, कुठूनही दिसतो. गोव्यात साखळीजवळ विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीच्या पाण्यात जसे दिवे दुप्पट होतात, तशा पाण्याकाठच्या जागेला पांढरा शोभतो. मात्र पौर्णिमेच्या रात्री (मंगेशीची जत्राही माघी पौर्णिमेलाच) चांदणं आणि धूर मिळून आभाळ उजळतं आणि स्ट्रोबचा अर्धा जीव, म्हणजे मधला काळोख, हरवतो. अशा रात्री रंगीत स्ट्रोब घ्या, पांढरा नको.

निळा हा रसायनशास्त्राचा जुना डोकेदुखीचा विषय. कॉपर क्लोराइड उष्णतेत मोडतं. स्ट्रोबच्या झोताला तर उष्णताच हवी. तडजोड केली की निळा फिका, राखाडी किंवा हिरवट होतो. पाकिटावर ‘ब्लू’ लिहिलेलं पुरेसं नाही, पेटवून बघा.

आणि हिरवा. बेरियमचा हिरवा देखणा, दुरून सगळ्यात ठसठशीत, तांत्रिकदृष्ट्या मी तोच पहिला निवडला असता. पण सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात फटाक्यांतल्या बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली आणि 29 ऑक्टोबर 2021 ला ती पुन्हा बजावली. जुन्या धाटणीच्या पांढऱ्या स्ट्रोबमध्येही बेरियम असतं, म्हणून पांढरा घेताना ‘बेरियम नाही’ हे कागदावर मागा. ‘ग्रीन क्रॅकर’ या शब्दाने फसू नका; तो पर्यावरणासाठीचा शिक्का, रंगाचा नव्हे. त्याच 2018 च्या निकालाने नाताळ आणि न्यू इयरला रात्री 11:55 ते 12:30 ही वेळ ठरवली आहे, हेही हॉटेलवाल्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

गोव्यात एक गोष्ट कोटेशनमध्ये कधीच लिहिलेली नसते: दमटपणा. अमोनियम परक्लोरेट आणि मॅग्नेशियम यांचं ओलाव्यात पटत नाही. धातू गंजतो, उष्णता निघते, माल खराब होतो आणि धोकादायकही. उत्पादक म्हणून धातूवर संरक्षक लेप देतात, पूर्वी त्यासाठी विषारी पोटॅशियम डायक्रोमेट सर्रास वापरलं जाई. पावसाळा काढून ठेवलेला, गेल्या वर्षीचा उरलेला स्ट्रोब स्वस्तात मिळाला तरी नको. परक्लोरेटच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, दमट हवेत तो आम्लाचे थेंब होऊन घशाला लागतो. वारा प्रेक्षकांकडे असेल तर नायट्रेटवाला माल सुसह्य.

फोटोग्राफर ठेवलाय का, हाही मुद्दा आहे. मोबाइलचा सेन्सर झोताने भरून जातो आणि लाल ताऱ्याचा गाभा पांढरा दिसतो, कडेला फक्त लाली. व्हिडिओसाठी एक्सपोझर आधीच कमी करून लॉक करायला सांगा. गर्दीत अपस्माराचा त्रास असलेलं कुणी असेल तर त्यांना आधीच कळवा. झगमगाट काहींना झटका आणू शकतो.

बजेट आखडतं असेल तर रंग कमी करा, तारे नका कमी करू. लालचा एकच मोठा गुच्छ, आधी आणि नंतर काही सेकंद पूर्ण अंधार, एवढं ठेकेदाराला मान्य करायला लावा. नमुन्याचा एक तारा त्याच्याच माणसांकडून, मोकळ्या जागेत पेटवून दाखवायला सांगा, आणि परवान्याची प्रत आगाऊ रक्कम देण्याआधी मागा.