बालमोहन की शारदाश्रम? दादरमध्ये शाळा निवडताना

पुढे भारताकडून खेळलेला अजित आगरकर सहावीच्या सुमारास बालमोहन विद्यामंदिर सोडून शारदाश्रम विद्यामंदिरात गेला, तो क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून. दोन्ही शाळा दादर पश्चिमेच्या, एकीपासून दुसरीपर्यंत सहज चालत जाता येईल इतक्या जवळच्या, आणि तेव्हा दोन्हींची मुले राज्य मंडळाच्या दहावीला बसणारी. तरीही सरांना हा बदल आवश्यक वाटला, याचे कारण अभ्यासात नव्हते. शालेय क्रिकेटमध्ये मुलगा शाळेच्या नावाने उतरतो. संघ भक्कम नसेल तर तो पहिल्या-दुसऱ्या फेरीतच बाद होतो आणि गुणवान मुलाच्या वाट्याला हंगामात जेमतेम एक-दोन सामने येतात. या दोन शाळांमध्ये निवड करू पाहणाऱ्या पालकाने आधी हा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण इमारत, शुल्क आणि निकाल यांच्या चौकशीत तो बहुधा निसटतो.

बालमोहनची स्थापना १९४० मध्ये दादासाहेब रेगे यांनी केली. शिवाजी पार्कच्या लगतची ही मराठी शाळा दादरच्या मध्यमवर्गीय घरांत इतकी मुरलेली आहे की तिच्याविषयी तटस्थपणे बोलणारा दादरकर मिळणे कठीण, आणि मीही त्याला अपवाद नाही. राजकारणापासून क्रिकेटपर्यंत अनेक क्षेत्रांत गाजलेली माणसे तिच्या वर्गांतून गेली. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातला संदीप पाटील हा बालमोहनचाच विद्यार्थी. त्याचे उदाहरण मुद्दाम देतो, कारण मोठा खेळाडू घडायला शाळेचा संघ बलाढ्य असावाच लागतो, हा समज त्यामुळे थोडा सैल होतो. घरात वडील मधुसूदन पाटील स्वतः प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळलेले आणि दारात शिवाजी पार्क, अशी त्याची परिस्थिती होती. ज्या मुलाला घर आणि मैदान दोन्हीकडून खेळ मिळतो, त्याला शाळेकडून तो मिळालाच पाहिजे असे नाही.

शारदाश्रम भवानी शंकर मार्गावर आहे, आणि तिचे नाव देशभर पोहोचले ते फेब्रुवारी १९८८ मध्ये. हॅरिस शिल्ड या मुंबईच्या आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, आझाद मैदानावर, फोर्टच्या सेंट झेवियर्सविरुद्ध विनोद कांबळी नाबाद ३४९ आणि सचिन तेंडुलकर नाबाद ३२६ यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. झेवियर्स ही काही लेचीपेची शाळा नव्हती. १८६९ पासूनची ही शाळा सुनील गावसकरची, आणि त्या दिवशी तिच्याकडून साईराज बहुतुले गोलंदाजी करत होता. सचिनही मूळचा शारदाश्रमचा नव्हे. वांद्र्याच्या इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून तो आचरेकर सरांच्या सल्ल्याने इकडे आला, आणि पुढे प्रवासाचा वेळ वाचावा म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. प्रवीण आमरे हाही याच शाळेचा. म्हणजे शारदाश्रमच्या क्रिकेटमागे शाळेइतकाच, किंबहुना शाळेहून अधिक, एक प्रशिक्षक उभा होता. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले आचरेकर सर जानेवारी २०१९ मध्ये गेले. त्यांच्या काळातील धावफलक पाहून आजचा प्रवेश ठरवणे हे आजोबांच्या पगारावर नातवाने कर्ज मागण्यासारखे आहे. नाव जुने आहे म्हणून संघ आजही तसाच असेल, असे कोणत्याही शाळेबाबत गृहीत धरू नये. मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशनच्या गेल्या तीन हंगामांत शाळेने १४ वर्षांखालील गाइल्स आणि १६ वर्षांखालील हॅरिस या दोन्ही स्पर्धांत संघ उतरवला का, तो कितव्या फेरीपर्यंत टिकला आणि संघाचा सराव नेमका कोण घेतो, हे तीन प्रश्न क्रीडाशिक्षकांना थेट विचारावेत. पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्येच ५४६ धावा केल्या, त्या वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्डकडून. शालेय क्रिकेटचे वजन दादरमधून कधी सरकले हे पालकांच्या लक्षात यायला वेळ लागतो.

अभ्यासाच्या बाबतीत, राज्य मंडळाच्या वर्गांपुरता, दोन्ही शाळांतील फरक बराच पुसट होतो: पाठ्यपुस्तके तीच, शिष्यवृत्ती परीक्षा त्याच, सहावी आणि नववीतील मुलांसाठीची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धाही सर्वांना खुली. माध्यमाचा प्रश्न मात्र खरा आहे. बालमोहनची ओळख मराठी माध्यमाची, तर शारदाश्रम या नावाखाली मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही माध्यमे चालत आली आहेत. मराठी शाळेत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, म्हणजे सेमी-इंग्रजी, कोणत्या इयत्तेपासून आहे याची खात्री प्रवेशाच्या वेळीच करून घ्यावी, कारण सहावी-सातवीत शाळा बदलणाऱ्या मुलाला खरा त्रास होतो तो इथेच. अपूर्णांक आणि भूमितीच्या संज्ञा एका भाषेत शिकून दुसऱ्या भाषेत पेपर लिहावा लागला की चांगल्या मुलाचेही वर्षभर गुण घसरतात, आणि घरचे त्याचे खापर क्रिकेटवर फोडतात.

क्रिकेटचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो. सामने एकाहून अधिक दिवसांचे असतात आणि बरेचसे आझाद किंवा क्रॉस मैदानावर होतात, म्हणजे दादरच्या मुलाचा शाळेचा अख्खा दिवस जातो. सहामाही परीक्षा याच सुमारास येते, आणि दहावीची पूर्वपरीक्षाही फार लांब नसते. हॅरिसचा वयोगट नेमका नववी-दहावीवर येत असल्याने बुडालेले तास भरून कोण काढते, हा प्रश्न शाळेच्या निकालाच्या टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा ठरतो. खेळाची परंपरा असलेल्या शाळेत याची काही ना काही सोय रूढ झालेली असते. जिथे संघ अधूनमधून उतरतो, तिथे ती वर्गशिक्षकांच्या मर्जीवर राहते. दहावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण हा वेगळाच विषय आहे. ते शासनाच्या नियमांप्रमाणे मिळतात आणि त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, त्यामुळे कोणत्या स्पर्धेतील सहभाग ग्राह्य धरला जातो हे आधी विचारलेले बरे.

बलाढ्य संघाची दुसरी बाजूही आहे. माझ्या परिचयातील एका मुलाने क्रिकेटसाठी उपनगरातील एका नावाजलेल्या संघाच्या शाळेत प्रवेश घेतला आणि दोन हंगाम राखीव खेळाडूंत बसून काढले. अंतिम सामन्याच्या छायाचित्रात तो आहे, पण त्याच्या नावावर एकही डाव नाही. साधारण संघाच्या शाळेत तो निदान तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजी करत राहिला असता.

क्रिकेट सोडून इतर खेळांचा विचार असेल तर ही तुलना जवळजवळ गैरलागू ठरते. मल्लखांबासाठी शिवाजी पार्कचे समर्थ व्यायाम मंदिर आहे, जिथे २०२४ मध्ये पद्मश्री मिळालेल्या उदय देशपांडे यांनी पिढ्या घडवल्या. तिथे जाणाऱ्या मुलाला शाळा जवळची आणि संध्याकाळ मोकळी ठेवणारी असली की पुरे.

माझे मत सांगायचे तर, पहिलीत जाणाऱ्या आणि दादर-माहीम परिसरात राहणाऱ्या मुलासाठी, घरची भाषा मराठी असेल तर, मी बालमोहन निवडेन. सहा वर्षांच्या मुलाचा खेळ अजून ठरलेला नसतो आणि शिवाजी पार्क शाळेच्या पटावर नाव पाहून कोणाला आत घेत नाही. मुलगा सहावी-सातवीत असेल, रोज नेट सरावाला जात असेल आणि त्याचे प्रशिक्षक स्वतःहून शाळा बदलण्याचे बोलत असतील, तर मात्र शारदाश्रमसारख्या, पण आजही संघ असलेल्या, शाळेत जाऊन चौकशी करावी. हे बोलणे पालकांनी काढलेले असेल तर घाई करू नये. नववीत आलेल्या मुलाची शाळा क्रिकेटसाठी बदलण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही; हॅरिसचे फार तर दोन हंगाम उरलेले असतात, आणि त्यातल्या पहिल्याचा अर्धा वेळ नव्या वर्गाची वेळापत्रके समजून घेण्यात जातो.