घरी छापलेला स्विचचा चार्जिंग स्टँड: सात महिन्यांनंतर

जानेवारीत थ्रीडी प्रिंटरवर, म्हणजे प्लास्टिकचे थर चढवत, छापलेला स्टँड ऑगस्टातही टेबलावर उभा आहे, असं लिहायला आवडलं असतं. पण आत्ता उभा आहे तो चौथा.

भानगड अशी, की निन्टेन्डो स्विच या हातात धरायच्या गेम कन्सोलच्या २०१७ च्या मॉडेलला चार्जिंगचा टाइप-सी पोर्ट खालच्या कडेला आहे. मागची काडी उघडून टेबलावर उभं केलं की पोर्ट टेबलाला टेकतो. म्हणजे खेळा, नाहीतर चार्ज करा. भाच्याला दोन्ही एकदम हवं. मी डिझाइन ओपनस्कॅड या सॉफ्टवेअरमध्ये केलं, कारण तिथं मापं आकड्यांत लिहायची असतात. केबल बदलली तर एक आकडा बदलायचा, बाकी आकार आपोआप सरकतो.

स्विचची जाडी १३.९ मिमी, म्हणून खाच १४ ठेवली. बसलाच नाही. १४.६ ला बसला. हे किरकोळ. खरी चूक म्हणजे प्लग मी खाचेत पक्का चिकटवला होता. जॉय-कॉनसकट (बाजूचे दोन कंट्रोलर) ३९८ ग्रॅमचं ते धूड थेट पिनवर बसायचं आणि ठेवताना जरा तिरकं गेलं की करकर वाजायचं. आता वजन दोन बाजूंच्या ओट्यांवर येतं आणि प्लगभोवती मिलिमीटरभर मोकळीक आहे. तो हलून आपली जागा आपण धरतो. प्लगही सरळ नाही, काटकोनी घेतलाय. सरळ प्लगखाली केबल दुमडून दोन महिन्यांत तिची मान उकलली होती.

मार्चमध्ये दुसऱ्या स्टँडचा पुढचा ओठ तुटला. तुकडा घेऊन काकांकडे गेलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीचे लाकडी पॅटर्न (ज्यांवरून ओतकामाचे साचे घेतात ते नमुने) करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी तुटलेल्या कडेवरून नख फिरवलं. "कोपरा असा धारदार ठेवलायस होय? ओतकामातबी हितनंच तडा जातोय की रे. गोल कर."

आतल्या कोपऱ्याला ५ मिमीची गोलाई दिली. शिवाय मी तो उभा छापत होतो, त्यामुळे ओठ थरांच्या सांध्यावरून सुटत होता. कुशीवर झोपवून छापला की थर इंग्रजी एलच्या आकारातून सलग जातात. तेव्हापासून ओठ शाबूत आहे.

तिसरा एप्रिलमध्ये गगनबावड्याला जाताना गाडीत नेला आणि डॅशबोर्डवर विसरला. काचा बंद, ऊन टळटळीत. तो पीएलए या छपाईच्या नेहमीच्या प्लास्टिकचा, आणि ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. परत आलो तर स्टँड नमस्कार घालून बसलेला.

म्हणून चौथा पीईटीजीचा, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा. तो छापायला घेतला आणि कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला. प्लास्टिकच्या तारेच्या रिळानं दमट हवा शोषली, नोझलमधून चुरचुर आवाज आणि स्टँडभर शेवया. रीळ ६५ अंशांवर सहा तास वाळवलं, आता ते सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात असतं. "पापडागत जपतोयस," आई म्हणाली. तिचा डबाही शेजारीच आहे.

मागची पाठ सलग ठेवू नका. स्विच मागच्या बाजूनं खालून हवा ओढतो आणि वरून गरम हवा सोडतो, म्हणून मी दोन फासळ्यांवरच टेकवलाय. पाठीकडचा कल आधी १५ अंश होता, त्यात ट्यूबलाइट चमकायची. २५ वर ती गेली.

राहिली तक्रार वजनाची. नुसता स्टँड ८८ ग्रॅमचा, कन्सोल उचलला की प्लगला लटकून तोही वर यायचा. काकांनी भंगारातून १२० × ८० × ८ मिमीची बिडाची पट्टी काढून दिली, साधारण साडेपाचशे ग्रॅमची. तळात तिच्यासाठी कप्पा केला. आता कन्सोल एका हातानं उचलता येतो. बिडाला गंज चढतो, म्हणून पट्टीला रंगाचे दोन हात दिलेत. मला या सगळ्या खटाटोपात आवडलेली गोष्ट हीच पट्टी.

चार्जिंग संथ वाटलं तर स्टँडला दोष देऊ नका. मूळ अडॅप्टर १५ व्होल्ट, २.६ अँपियर देतो. फोनच्या जुन्या ५ व्होल्टवाल्यावर खेळता खेळता टक्के जेमतेम सरकतात.

एक खोट उरलीच आहे. केबलची वाट मी उजवीकडून काढली, आणि आमचा बोर्ड डावीकडे. त्यामुळे वायर मागून वळसा घालून जाते. पुढचा स्टँड आरशातल्यासारखा उलटा छापीन, पण हा तुटायचं नाव घेत नाही.