विंटर चाकांत प्रेशर सेन्सर टाकावेत का? युनिव्हर्सल सेन्सर वापरून झालेलं मत

बर्फ-थंडीसाठीच्या विंटर टायरचा वेगळा सेट रिमसकट घेतला की टायरवाला हमखास विचारतो, चाकाच्या आत बसून हवेचा दाब सांगणारे सेन्सर पण टाकायचे का? चार सेन्सर म्हटलं की बिल फुगतं, त्यामुळे बरेच जण तिथेच नको म्हणून मोकळे होतात. मी प्रोग्रॅम करून वेगवेगळ्या गाड्यांना चालणारे युनिव्हर्सल सेन्सर टाकून घेतले, आता बऱ्यापैकी वापरून झालेत म्हणून लिहितोय.

पण आधी तुमच्या गाडीला सेन्सर लागतात का ते तरी बघा राव. कित्येक गाड्यांत चाकाच्या आत काहीच नसतं, एबीएसचे (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमचे) स्पीड सेन्सर असतात त्यावरूनच गाडी अंदाज बांधते, हवा उतरली की टायरचा घेर किंचित कमी होतो आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा जरा जास्त फिरतं, एवढ्यावरच सगळं चालतं. होंडा, माझदाच्या बऱ्याच गाड्या अशा आहेत. त्यांना चाकं बदलल्यावर हवा नीट भरायची आणि मेनूत जाऊन रिसेट मारायचं, विषय संपला. तिथे कोणी सेन्सर गळ्यात मारत असेल तर सरळ दुसरं दुकान गाठा. डॅशबोर्डवर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा दिसत असेल तर आत सेन्सर आहेत हे नक्की, दिसत नसेल तरी असू शकतात, मॅन्युअल उघडून बघा.

आता सेन्सरवाल्या गाड्यांचं. न टाकता विंटर चाकं लावली तर गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो (अमेरिकेतल्या नियमात ६० ते ९० सेकंद लिहिलेत) आणि मग पेटलेलाच राहतो. लोक म्हणतात दिव्याकडे दुर्लक्ष करायचं, त्यात काय. अहो पण खरंच खिळा घुसला तरी पेटणार तोच दिवा ना, आणि तो तर आधीच पेटलेला, मग कळणार कसं?

आणि हवेची गडबड सगळ्यात जास्त थंडीतच होते. गरम गॅरेजमध्ये २० डिग्रीला ३३ पीएसआय भरा आणि गाडी रात्रभर उणे १५ मध्ये ठेवा, कुठेही पंक्चर नसताना सकाळी साधारण २७ दिसतील. मला हे स्क्रीनवर रोज दिसायला लागलं तेव्हा हवा भरायची सवय आपोआप लागली. मात्र नुसत्या दिव्याच्या भरवशावर राहू नका, अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे शिफारशीपेक्षा २५ टक्के खाली गेलं की दिवा पेटलाच पाहिजे, म्हणजे ३३ चे जवळपास २५ होईपर्यंत तो गप्प बसला तरी चालतं. तोवर टायरच्या कडा झिजायला लागलेल्या असतात. हवा मोजायचा साधा गेज गाडीत ठेवाच.

या सेन्सरचं मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे क्लोनिंग. टायरवाल्याने उन्हाळी चाकांतल्या सेन्सरचे आयडी वाचले आणि तेच नव्यांत टाकले, त्यामुळे चाकं बदलली हे गाडीला कळतच नाही. घरी जॅक लावून चाकं बदलली तरी दिवा नाही, काही नाही. हे केलं नाही तर काही गाड्या थोडं चालवल्यावर नवे आयडी स्वतःच शिकून घेतात, पण काहींना दर वेळी ओबीडी पोर्टला (गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या सॉकेटला) मशीन लावावं लागतं, म्हणजे वर्षातून दोनदा दुकानाची वारी आणि दोनदा पैसे. ऑनलाइन मागवणार असाल तर फ्रिक्वेन्सी बघून घ्या, युरोपात ४३३ मेगाहर्ट्झ असते, अमेरिकेत ३१५ पण चालते आणि ४३३ पण, चुकीची आली तर सेन्सर कितीही चांगला असला तरी उपयोग शून्य.

नियमांचं थोडक्यात. युरोपियन युनियनमध्ये नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी ही सिस्टिम सक्तीची आहे, अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून, कॅनडात सक्ती नाही. अमेरिकेत चालू असलेली सिस्टिम दुकानदाराने जाणूनबुजून बंद पाडायला बंदी आहे, म्हणून तिथे काही दुकानं सेन्सरशिवाय चाकं लावून द्यायला नाही म्हणतात. गिऱ्हाइकाला वाटतं हा लुटतोय, पण बिचाऱ्याचा दोष नसतो. मालकाने घरी स्वतः बदलली तर ती बंदी त्याला लागू नाही.

आता तक्रारी. धातूच्या नळीचा व्हॉल्व्ह अजिबात घेऊ नका, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तो सडतो, आणि त्यावर कोणी हौसेने पितळी टोपी लावली असेल तर ती अशी चिकटते की पिळताना नळीच तुटून हातात येते. रबरी व्हॉल्व्ह आणि प्लास्टिकची टोपी, एवढं सांगून ठेवा. बॅटरी आत सील केलेली असते, ५ ते १० वर्षं चालते, संपली की अख्खा सेन्सरच बदलायचा. त्यामुळे सेन्सर जुने झाले असतील तर टायर बदलताना तेही बदलून टाका, नाहीतर नंतर त्यासाठी टायर परत रिमवरून काढायला लागतो.

मी पाचपैकी चार देईन. एक कापला कारण सकाळी गाडी चालू केल्या केल्या आकडे येतच नाहीत, नुसत्या रेघा दिसतात, जरा वेग घेऊन चाकं फिरली की सेन्सर जागे होतात, आणि खरं तर बघायचं असतं निघायच्या आधी. गाडी लवकरच विकणार असाल तर मात्र हा खर्च करू नका, गेजवर भागवा.